वळिवड्याहून सुटलेल्या त्या तिकिटाबद्दल

कोल्हापूर

चि. अभिजितला,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू हसत बोललास, पण चीड लपली नाही. ब्रिटनच्या व्हिसाची तिघांची फी वेगळी, वर मोठ्या माणसामागं वर्षाला 1,035 पौंड आरोग्य अधिभार, लहानग्या ईराचे 776. आणि शेजारच्या पोलिश आजी सांगतात की त्यांच्या आईला त्याच सरकारनं कोल्हापूरहून स्वतःच्या खर्चानं जहाजात बसवून नेलं. "आई, नशीब बघ एकेकाचं," म्हणालास. मी उत्तर देणार तोवर ईरानं भोकाड पसरलं आणि राहूनच गेलं. जन्मभर इतिहास शिकवलेली बाई पत्र लिहायला बसली की लांबण लागते, तेव्हा सवडीनं वाच.

तुझ्या लग्नाचा बस्ता बांधायला आपण गांधीनगरला गेलो होतो ना, तीच ती जागा. ती दुकानं फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या लोकांनी उभी केली. त्यांच्या आधी, 1943 ते 1948, तिथं वळिवडे कॅम्प होता आणि जवळजवळ 5,000 पोलिश माणसं राहात होती. त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं, दवाखाना होता, नाटकं व्हायची. तुझे उचगावचे आजोबा तेव्हा पोरगेलेसे होते, सायकलला किटल्या अडकवून कॅम्पात दूध घालायला जायचे. ते सांगायचे, बाया मापावर बारीक नजर ठेवायच्या, पैसे मात्र रोख. त्यांना एकच कोडं पडायचं, एवढ्या मोठ्या वस्तीत बाया आणि पोरंच कशी? बाप्ये गेले कुठं?

बाप्ये फौजेत गेले होते, आणि तुझ्या त्या तिकिटाचं मूळ तिथं आहे. 1939 च्या सप्टेंबरात पोलंडवर पश्चिमेकडून हिटलर आला आणि सतराव्या दिवशी पूर्वेकडून स्टालिन. पूर्वेकडची लाखो माणसं घरातून उचलून सैबेरियात, कझाकस्तानात नेऊन टाकली. 1941 मध्ये हिटलर रशियावरच उलटला तेव्हा स्टालिनला ही माणसं सोडावी लागली. जनरल अँडर्स यांनी त्यांतून फौज उभी केली, आणि 1942 मध्ये कास्पियन समुद्र ओलांडून ती फौज आणि तिच्याबरोबर निघू शकलेली बायकामुलं इराणात उतरली. पुरुष इराक, पॅलेस्टाइन करत इटलीच्या आघाडीवर गेले. बायकामुलांची पांगापांग झाली. कुणी आफ्रिकेत, कुणी मेक्सिकोत, कुणी न्यूझीलंडला, आणि कुणी कराचीमार्गे आपल्या पंचगंगेच्या काठी.

लढाई जिंकली, पण या बायकांना घर उरलं नाही. बड्या राष्ट्रांनी सरहद्द पश्चिमेला सरकवली आणि ज्या गावांतून त्यांना उचललं होतं, ती गावं सोव्हिएत हद्दीत गेली. कॅम्पाच्या पाठीशी असलेलं लंडनमधलं परागंदा पोलिश सरकार जुलै 1945 मध्ये ब्रिटननं अमान्य करून टाकलं. म्हणजे बघ, नवरा इटलीत, बायको कोल्हापुरात, आणि गाव दुसऱ्याच देशात. ही ज्यांच्या बाजूनं लढले त्यांचीच करणी.

आता ब्रिटनपुढं पेच होता. इटलीतल्या लढाईत माँते कासिनोच्या मठावर निशाण लावणारी ही फौज परत जायला तयार नव्हती. तिला सक्तीनं पाठवायचं तर तोंड दाखवायला जागा नाही. मग 1946 मध्ये एक बिनहत्यारी पलटण काढली, पोलिश रीसेटलमेंट कोर. दोन वर्षांची भरती, शिस्त लष्करी, आणि त्या मुदतीत शेतावर, खाणीत, जिथं कामगारांची टंचाई तिथं लागायचं. मार्च 1947 मध्ये त्यासाठी पार्लमेंटात कायदाही झाला. या शिपायांची कुटुंबं सरकारी खर्चानं आणायची ठरली, तेव्हा कुठं वळिवड्यातली ट्रंका बांधायची गडबड सुरू झाली.

म्हणजे ते तिकीट बाईच्या नावावर नव्हतंच रे, नवऱ्याच्या किंवा लेकाच्या पलटणीच्या नावावर होतं. शेजारच्या आजींच्या आईचं कुणीतरी त्या फौजेत असणार. ज्यांचं कुणी नव्हतं त्यांनी काय करायचं? काही पोलंडला परतल्या. काहींना इथून उचलून पूर्व आफ्रिकेतल्या कॅम्पांत ठेवलं. आफ्रिकेतले कितीतरी लोक 1950 मध्ये 'जनरल लँगफिट' नावाच्या जहाजानं मोंबासाहून ऑस्ट्रेलियात फ्रीमँटलला उतरले. तिथली अट अशी, की दोन वर्षं सरकार सांगेल तिथं सांगेल ते काम करायचं. त्याच काळात खुद्द ब्रिटनचे गोरे लोक माणशी 10 पौंडांत ऑस्ट्रेलियाला चालले होते, मुलं फुकट. त्यांनाही दोन वर्षं राहण्याचं बंधन होतं, आधी परतलास तर पूर्ण भाडं भर. तुझ्या-माझ्या रंगाच्या माणसाला मात्र ती खिडकी बंदच होती, दहा पौंड दे नाहीतर हजार.

शाळेत हा भाग शिकवताना मला नेहमी आपली पोरं आठवायची. इटलीत ही पोलिश फौज ज्या ब्रिटिश आठव्या आर्मीत होती, तिच्यातच मराठा पलटणीही होत्या. माणगावजवळच्या पळसगावचे यशवंत घाडगे जुलै 1944 मध्ये तिथं पडले. नगरच्या निमजचे नामदेव जाधव एप्रिल 1945 मध्ये सेनिओ नदीवर जखमींना खांद्यावर घेऊन बाहेर आले. दोघांना व्हिक्टोरिया क्रॉस. त्यांच्या बायकामुलांना विलायतेला नेण्याचा विषयही कधी निघाला नाही. परत यायला घर होतं त्यांना, हेही खरंच. पण कारखान्याला माणसं हवी होती आणि दारात मराठा शिपाईही उभा असता, तर त्याला कुठल्या यादीत घातलं असतं, हा प्रश्न मी वर्गात विचारायची. पोरं गप्प बसायची.

आणि नेऊन ठेवलं कुठं म्हणशील, तर सैन्यानं रिकाम्या केलेल्या तळांवर. ग्लॉस्टरशायरमधलं नॉर्थविक पार्क हे आधी अमेरिकन लष्कराचं इस्पितळ होतं. अर्धगोल पत्र्याच्या निसन झोपड्या, मधोमध शेगडी, पत्र्याच्या आतून ओघळणारं पाणी. कोल्हापूरच्या उन्हातून निघालेल्या बाईला तिथली पहिली थंडी कशी लागली असेल! कित्येक कुटुंबं त्या झोपड्यांत वर्षानुवर्षं राहिली. डेव्हनमध्ये इलफर्ड पार्क म्हणून आहे, ते या तळांतलं अखेरचं, त्या लोकांच्या म्हातारपणासाठी आजही सरकार चालवतं. मला ही गोष्ट त्या जहाजापेक्षा मोठी वाटते. न्यायला काय, गरज होती म्हणून नेलं. पण शब्द सत्तर-पंचाहत्तर वर्षं पाळणं सोपं नाही, आणि ते मान्य करायला मला जड जात नाही.

तुझ्या अधिभाराचं तू म्हणतोस ते मला पटतं. पगारातून कर कापून घ्यायचा आणि दवाखान्याचे वेगळे घ्यायचे, ही दोनदा वसुलीच. त्यावर भांड, खासदाराला लिही. फक्त त्या आजींच्या आईशी बरोबरी करू नकोस. त्या बाईनं तिकीट आधीच चुकतं केलं होतं, तू अजून हप्ते भरतोयस एवढंच.

एक काम कर. आजींना निवांत गाठून विचार, त्यांच्या आईची बराक किती नंबरची होती, आणि वडील पहिल्यांदा भेटले ते कुठं, बंदरावर की तळावर? फोटो असतील तर मोबाईलवर काढून पाठव. महावीर उद्यानात पोलिश लोकांचा स्तंभ आहे, पुढच्या खेपेला ईराला तिथं नेईन. आणि दूधवाला पोरगा कुणाला आठवतो का, तेही विचार. आठवणार नाही, माहीत आहे मला, तरी विचार.

पाटलांचा संदीप पुढच्या महिन्यात तिकडं यायचाय, त्याच्याबरोबर कांदा-लसूण मसाला पाठवते आहे. आजींना द्यायचा तर चिमूटभरच दे, आणि आधी दही खायला घाल. बाबांची शुगर आटोक्यात आहे, गोळ्या वेळेवर घेतात, चालायला मात्र मी ओरडल्याशिवाय जात नाहीत. सूनबाईला आशीर्वाद, ईराला गोड पापा.

तुझी,
आई