कॅरिबियनला जाताना किनाऱ्याचे तोंड कुठे, ते आधी बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेतल्या मुलांकडे उन्हाळ्यात जाणाऱ्या आईवडिलांसाठी कॅरिबियन सहलींची माहिती आपल्या पर्यटन पुरवणीत आली होती. जून-जुलैत कॅनकून, पुंता काना, बार्बाडोस इथली हॉटेले स्वस्त मिळतात, हे त्यात बरोबर सांगितले आहे. त्याचे कारण म्हणून फक्त चक्रीवादळांचा हंगाम दिला आहे. दुसरे कारण सारगॅसम नावाचे तपकिरी शेवाळ. ते याच महिन्यांत ढिगांनी किनाऱ्याला लागते, आणि आपली बहुतेक कुटुंबे नेमकी तेव्हाच जातात, कारण तिकडच्या शाळांची सुट्टी आणि इकडच्यांचा व्हिसा दोन्ही त्याच काळात जुळतात. वादळ आले तर विमान तरी रद्द होते. शेवाळ आले म्हणून कोणी काही रद्द करत नाही, आणि सर्वसाधारण प्रवास विमाही त्यासाठी पैसे देत नाही. म्हणून हे पत्र.

आपल्याकडे मालवण-रत्नागिरीच्या खडकांवर सारगॅसमचेच भाऊबंद वाढतात, पण ते खडक धरून असतात. कॅरिबियनला येणाऱ्या जाती खडकाला कधी शिवतच नाहीत. मण्याएवढ्या हवेच्या फुग्यांवर त्या जन्मभर तरंगतात आणि तुकडे पडून पडून वाढतात. २०११ पूर्वी त्यांचे मुख्य ठाणे उत्तर अटलांटिकमधला सारगासो समुद्र हे होते. २०११ पासून विषुववृत्ताच्या वरच्या अंगाला, पश्चिम आफ्रिकेपासून मेक्सिकोच्या आखातापर्यंत, त्यांचा नवा पट्टा तयार होऊ लागला. जून २०१८ मध्ये हा पट्टा ८,८५० किलोमीटर लांब होता आणि त्यात दोन कोटी टनांहून जास्त शेवाळ होते. त्याच महिन्यात बार्बाडोसला राष्ट्रीय आणीबाणी जाहीर करावी लागली. मे २०२५ मध्ये हा आकडा पावणेचार कोटी टनांच्या आसपास गेला. वाढीमागे नद्यांतून येणारी खते, आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ खालून वर येणारे पोषक पाणी, २००९-१० च्या हिवाळ्यातले उलटे वारे अशी कारणे सांगतात, आणि कोणाचा वाटा किती यावर शास्त्रज्ञांचे अजून एकमत नाही. पर्यटकाच्या दृष्टीने एवढे पुरे की हा आता दरवर्षीचा पाहुणा आहे. मार्चच्या सुमारास तो यायला लागतो, मे ते ऑगस्ट जोर असतो, ऑक्टोबरनंतर ओसरतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने सर्वांत निर्धोक.

कोकणात वाढलेल्या माणसाचा इथे एक अंदाज हटकून चुकतो. आज कचरा आला, उद्याच्या भरतीओहोटीत निघून जाईल, असे त्याला वाटते. आपल्याकडे उधाणाला पाणी काही मीटर चढते-उतरते. कॅरिबियनमध्ये हा फरक बहुतेक ठिकाणी अर्ध्या मीटरच्याही आत असतो. लागलेले शेवाळ समुद्र परत नेत नाही. ते उचलावे लागते, नाहीतर तिथेच कुजते.

तारीख बदलता येत नसेल तर किनारा बदला. या भागात वर्षाचा बहुतेक काळ वारा पूर्वेकडून वाहतो आणि शेवाळही त्याच्याबरोबर पूर्वेकडून येते. त्यामुळे अटलांटिककडे तोंड असलेले किनारे भरतात आणि बेटाच्या आडोशाचे पश्चिम किनारे बरेचसे मोकळे राहतात. बार्बाडोसला बाथशेबा, क्रेन आणि दक्षिण किनाऱ्याचा बराचसा भाग मार खातो, तर होलटाउन, पेन्स बे, मलिन्स या पश्चिमेच्या पुळणी सहसा स्वच्छ असतात. बेट जेमतेम ३४ किलोमीटर लांब आणि २३ किलोमीटर रुंद आहे, तेव्हा हॉटेल चुकीच्या बाजूला घेतले असले तरी सकाळी उठून बाजू बदलता येते. (क्रिकेटसाठी जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. २०२४ चा टी-ट्वेंटी विश्वचषकाचा अंतिम सामना ब्रिजटाउनला २९ जूनला झाला, म्हणजे शेवाळाच्या ऐन भरात.) ग्रेनडाचा ग्राँड आन्स, ग्रँड केमनचा सेव्हन माइल बीच, अरुबाचे ईगल आणि पाम बीच, ग्वादलूपमध्ये देएची बाजू, हे सगळे याच नियमात बसतात.

मेक्सिकोत गणित जरा वेगळे, कारण तो मुख्य भूमीचा पूर्व किनारा आहे. तुलुम, प्लाया देल कार्मेन, पुएर्तो मोरेलोस सगळेच वाऱ्याच्या तोंडी. तिथे दोनच सुटका आहेत. कॅनकूनचा हॉटेलांचा पट्टा इंग्रजी साताच्या आकड्यासारखा आहे. त्याची वरची आडवी रेघ उत्तरेला बघते आणि समोर इस्ला मुहेरेस बेट आहे, म्हणून तिथे त्रास कमी. उभी रेघ सरळ पूर्वेला उघडी. फोटोतला निळाभोर समुद्र बहुतेक उभ्या रेघेवरचा असतो. दुसरी सुटका बेटांची: इस्ला मुहेरेसची उत्तरेकडची पुळण, किंवा प्लाया देल कार्मेनहून फेरीबोटीने पाऊण तासात गाठता येणाऱ्या कोझुमेलचा पश्चिम किनारा. क्रूझवाल्यांनी बंदर बघावे. कोझुमेल आणि ग्रँड केमनला जहाज लागते तीच बाजू आडोशाची आहे. कोस्ता माया, म्हणजे माहाहुआल, मात्र शेवाळासाठी कुप्रसिद्ध आहे. त्या बंदरावर समुद्रस्नानाऐवजी माया संस्कृतीच्या अवशेषांची सहल घ्यावी.

पश्चिम किनारा म्हणजे लेखी हमी नव्हे. वारा पडला किंवा फिरला की बेटाच्या टोकाला वळसा घालून शेवाळ आडोशालाही येते. म्हणून निघण्याआधीच्या आठवड्यात नकाशे पाहावेत. साउथ फ्लोरिडा विद्यापीठ उपग्रहाच्या चित्रांवरून तरंगत्या शेवाळाचे नकाशे फुकट देते आणि दर महिन्याला पुढचा अंदाजही काढते. अमेरिकेची नोआ ही समुद्र-हवामानाची सरकारी संस्था आठवड्याचा धोका रंगांत दाखवते. एकाच दिवसाचे चित्र पाहू नये, कारण ढगांखालचे काही दिसत नाही. सात दिवसांचे एकत्रित चित्र घ्यावे. आपले बेट बघण्यापेक्षा बेटाच्या पूर्वेला काय आहे ते बघावे. प्रवाहाबरोबर शेवाळ साधारणपणे दिवसाला २०-३० किलोमीटर सरकते, म्हणजे दीडशे-दोनशे किलोमीटरवरचा गठ्ठा आठवड्याभरात दारात येऊ शकतो. कॅनकूनसाठी आग्नेयेला बघावे, प्रवाह तिकडून वर येतो. या नकाशांचा एक ठिपका सुमारे एक किलोमीटरचा असतो, त्यामुळे हॉटेलसमोरची पुळण त्यात कळत नाही. त्यासाठी हॉटेलाचा थेट कॅमेरा किंवा त्याच आठवड्यात पाहुण्यांनी टाकलेले फोटो. मेक्सिकोच्या किंताना रू राज्यात (कॅनकून, तुलुम यातच येतात) तर पुळणवार रंगीत नकाशा निघतो, तो सर्वांत उपयोगी.

टूर कंपनीला विचारायचे प्रश्न थोडे आहेत, पण उत्तरे लेखी घ्यावीत. पुळणीचे तोंड कोणत्या दिशेला आहे? समुद्रात तरंगता अडथळा बांधला आहे का? सफाई हॉटेल स्वतः करते की नगरपालिकेच्या भरवशावर आहे? पुळण बंद पडली तर त्याच साखळीतल्या दुसऱ्या हॉटेलाच्या किनाऱ्यावर नेण्याची सोय आहे का? ‘आमच्याकडे तसा काही त्रास नाही’ हे उत्तर पूर्व किनाऱ्यावरच्या हॉटेलाकडून आले, तर पुढे बोलण्यात अर्थ नाही. समुद्राकडच्या खोलीसाठी जादा पैसे या महिन्यांत तरी देऊ नयेत. वास सर्वांत आधी त्याच खोल्यांत शिरतो, आणि त्यातही खालच्या मजल्यावर.

कारण असे की वाळूवर पडलेले शेवाळ एक-दोन दिवसांत कुजू लागते आणि त्यातून हायड्रोजन सल्फाइड व अमोनिया सुटतात. सडक्या अंड्याचा वास येतो तो पहिल्या वायूचा. नुसता वास आला म्हणजे विषबाधा झाली असे नाही, आपल्या नाकाला तो एक पीपीएमहून (म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत एक भाग) कितीतरी कमी प्रमाणातही कळतो. पण डोळे चुरचुरणे, घसा खवखवणे, डोके दुखणे, मळमळणे सुरू झाले की तिथून उठावे. फ्रान्सच्या सार्वजनिक आरोग्य परिषदेने मार्टिनिक-ग्वादलूप या फ्रेंच बेटांसाठी दिलेला दंडक असा: हवेत एक पीपीएमच्या वर गेले की लहान मुले, गरोदर स्त्रिया आणि श्वसनाचे रुग्ण यांनी लांब राहावे, आणि पाचच्या वर तिथे फक्त साधने घेतलेल्या कामगारांनीच जावे. आपले बरेच प्रवासी साठी ओलांडलेले असतात. ज्यांना दमा आहे त्यांनी इनहेलर सामानात न टाकता खिशात ठेवावा. कापडी मास्क किंवा एन-९५ यांचा इथे उपयोग नाही, ते धूळ अडवतात, वायू नाही. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने वारा पडलेल्या रात्री सखल जागी साचतो. बाल्कनीचे दार तेव्हा बंद ठेवावे. चांगला उपाय म्हणजे बेटाच्या पलीकडच्या बाजूची, निदान वरच्या मजल्यावरची खोली मागून घेणे.

याच वायूने चांदी काळी पडते. पैंजण, जोडवी, चांदीची साखळी दोन-तीन दिवसांत काळवंडते आणि बायकांना वाटते की सोनाराने फसवले. सोनार निर्दोष आहे. चांदी हवाबंद पिशवीत ठेवावी. काळी पडलीच तर भांड्यात अ‍ॅल्युमिनियमचा कागद अंथरून त्यावर दागिना टेकवावा, अर्धा लिटर कढत पाण्यात एक मोठा चमचा खाण्याचा सोडा घालून ते ओतावे आणि पाचेक मिनिटांनी धुऊन पुसावे. मोती किंवा खडे असलेल्या दागिन्याला हे करू नये. किनाऱ्यावरच्या घरांतले एसी आणि टीव्ही लवकर बिघडतात तेही याच वायूने, तो तांब्याला खातो.

पाण्यात उतरावे की नाही, हे शेवाळाच्या वयावर ठरवावे. सोनेरी-तपकिरी, तरंगते, विरळ असेल तर ते ताजे आहे, बाजूला सारून पोहता येते. काठाजवळचे पाणी चहासारखे झाले असेल तर उतरू नये. त्यात प्राणवायू कमी असतो, तळ दिसत नाही आणि मेलेले मासेही असतात. काळ्या ढिगांवरून चालू नये, आत काटे, काच, प्लास्टिक काहीही असते. मुलांना तिथे किल्ले करू देऊ नयेत. ताज्या शेवाळातही जेलीफिशची पिल्ले आणि बारीक डंखणारे जीव असतात. ते पोहण्याच्या कपड्याखाली अडकतात आणि गोड्या पाण्याने बिथरून डंख सोडतात. म्हणून बाहेर आल्यावर आधी तो कपडा उतरवावा आणि मग नळाखाली उभे राहावे. बहुतेक लोक नेमके उलट करतात आणि रात्री अंग खाजवत बसतात. पुरळ उठलेच तर एक टक्क्याचे हायड्रोकॉर्टिसोन मलम पुरते. कपडा साबणाने धुऊन चांगला तापवून वाळवावा, नुसता वाळलेला कपडा पुन्हा डंखू शकतो. हे शेवाळ चाखून पाहू नये आणि घरच्या कुंड्यांसाठीही आणू नये, त्यात आर्सेनिक साचते.

‘मग सरळ जेसीबी लावून उचलत का नाहीत?’ असे तिथे गेलेले अनेक जण विचारतात. उचलतात, पण प्रत्येक बादलीबरोबर वाळूही जाते, आणि दोन-चार हंगामांत पुळणच खचते. शिवाय हे महिने कासवांच्या अंडी घालण्याचेही आहेत. वेळासचा महोत्सव पाहिलेल्यांना सांगायला नको की वाळूखालची घरटी वरून दिसत नाहीत. म्हणून समंजस ठिकाणी पहाटेपासून दाताळ्यांनी हाताने गोळा करतात. समुद्रातले अडथळेही तिरके लावावे लागतात, म्हणजे शेवाळ घसरत एका टोकाला जमते आणि तिथून बोटीने उचलता येते. आडवे लावले तर साचून खालून निसटते, आणि लाटा मोठ्या असल्या की वरून उडी मारते. सकाळी लख्ख दिसलेली पुळण दुपारी भरलेली दिसली, तर तो हॉटेलाचा आळस असेलच असे नाही.

आपल्या पुरवणीत सहलींच्या जाहिराती देणाऱ्या कंपन्यांना एक सुचवावेसे वाटते. विमान, जेवण, ‘शाकाहारी सोय’ हे सगळे ठळक छापता, तसे हॉटेलची पुळण कोणत्या दिशेला उघडते आणि ती बंद असेल त्या दिवशी गटाला कुठे नेणार, या दोन ओळी मे ते ऑगस्टच्या प्रत्येक कॅरिबियन सहलीच्या पत्रकात छापाव्यात.

आपला,
एक वाचक, पुणे