पोरांना दाखवायचा तर लॅसीच

प्रिय संज्या,

तुझा मेसेज वाचला, पण तिथे दोन ओळीत उत्तर देववेना म्हणून पत्रच लिहितोय. मोत्या गेल्यापासून पोरं गप्प आहेत म्हणालास, आणि त्यांना कुत्र्याचा एखादा जुना पिक्चर दाखवायचाय.

'ओल्ड येलर' आत्ता नको रे. १९५७ चा डिस्नेचा, पिक्चर फार चांगला आहे, टेक्सासमधलं रानातलं घर, बाप गुरं घेऊन कॅन्ससला गेलेला आणि थोरल्या पोरावर सगळा भार. पण घरच्यांना वाचवताना त्या कुत्र्याला पिसाळलेला लांडगा चावतो आणि शेवटी बंदूक त्या पोरालाच उचलावी लागते. छोटीला हे आत्ता झेपायचं नाही. दोघं मोठी झाली की तू शेजारी बसून दाखव.

आत्ता 'लॅसी कम होम' लाव. १९४३ चा असून रंगीत आहे आणि दीड तासात संपतो. यॉर्कशायरचं गरीब घर, बापाला काम नाही, म्हणून घरातल्या पोराची, ज्योची, लाडकी कुत्री लॅसी एका ड्यूकला विकतात. रोज चार वाजता शाळेच्या दारात त्याला घ्यायला येणारी लॅसी! ड्यूक तिला पार स्कॉटलंडला नेतो, तिथे त्याची नात फाटक उघडून तिला जाऊ देते (ही छोटी एलिझाबेथ टेलर बरं का) आणि लॅसी चालत घरी निघते. मला यातलं सगळ्यात काय आवडतं सांगू, आईबाप वाईट नाहीत, ड्यूकपण वाईट नाही, तरी पोराचं कुत्रं जातंच. छोटी 'का विकलं' विचारेल तेव्हा पिक्चर थांबव आणि खरं ते सांग, पैसे नव्हते म्हणून.

एक मात्र आधीच सांगतो. वाटेत लॅसीला एक फिरता विक्रेता भेटतो, त्याची टूट्स नावाची चिमुकली कुत्री चोरांच्या हल्ल्यात मरते. तो भाग पुढे ढकलू नकोस, मोत्यासाठी न रडलेली पोरं तिथे रडली तर रडू दे, तू आणि वहिनी जवळ बसा म्हणजे झालं. शेवट गोड आहे, लॅसीचे फाटलेले पंजे बघून ड्यूक चक्क म्हणतो की ही माझी कुत्री नाहीच, आणि ज्योच्या बापाला आपल्याकडे कामपण देतो.

आणि हो, लॅसीचं काम पाल नावाच्या नर कुत्र्याने केलंय, हे पोरांना पिक्चर संपल्यावर सांग, जाम खूष होतील.

रविवारी दुपारी लाव, रात्री नको, बघून झाल्यावर त्यांना बोलायला वेळ हवा. मग फोन कर, छोटीने काय काय विचारलं ते मला ऐकायचंय.

तुझा,
बाळ्या