शहर तुरीन, संघ तोरिनो

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

इटालियन फुटबॉलच्या बातम्या आपल्या क्रीडा पानावर आता नियमित येऊ लागल्या आहेत, याचा आनंद आहे. युव्हेंटस आणि तोरिनो यांच्यातील सामन्याच्या अलीकडच्या वृत्तात मात्र एकाच शहराचे नाव मथळ्यात ‘ट्युरिन’, मजकुरात ‘टोरिनो’ आणि छायाचित्राखालच्या ओळीत ‘टुरिन’ असे तीन प्रकारे छापले गेले. हे दोन्ही संघ एकाच शहराचे आहेत. तरीही ‘ट्युरिनमध्ये टोरिनोचा पराभव’ असे वाचल्यावर पराभूत संघ दुसऱ्या कुठल्या गावाहून आला होता, असाच कोणाचाही समज होईल. या नावाचा इतिहास पाहिला तर मराठीत त्याचे कोणते रूप रूढ करावे हे ठरवणे अवघड जाऊ नये, म्हणून हे पत्र.

आल्प्सच्या पायथ्याशी, पो नदीच्या काठी ‘टाउरिनी’ नावाची जमात राहत असे. इसवी सनपूर्व 218 मध्ये आल्प्स ओलांडून उतरलेल्या हॅनिबलने या जमातीचे मुख्य ठाणे तीन दिवसांत जिंकले, असे ग्रीक इतिहासकार पॉलिबियस सांगतो. पुढे ऑगस्टसच्या काळात रोमनांनी येथे वसवलेल्या नगराला ‘ऑगस्टा टाउरिनोरम’, म्हणजे टाउरिनींची ऑगस्टा, असे नाव मिळाले. सम्राटाच्या नावाने वसलेल्या अशा नगरांचे पुढे काय झाले हे पाहण्यासारखे आहे. जवळच्याच डोंगराळ खोऱ्यातील ‘ऑगस्टा प्रेटोरिया’मध्ये सम्राटाचे नाव टिकले आणि त्याचे झिजून ‘आओस्ता’ झाले. पो नदीकाठी मात्र सम्राट विसरला गेला आणि त्या प्रदेशातील जमातीचे नाव दोन हजार वर्षे लोकांच्या तोंडी राहिले. लॅटिनमध्ये ‘टाउरस’ म्हणजे बैल, म्हणून शहराच्या मानचिन्हावर बैल आहे, तोरिनो संघाला चाहते ‘तोरो’ म्हणतात आणि शहरातील सार्वजनिक नळांनाही बैलाचे तोंड आहे. ही व्युत्पत्ती लोकांनी नंतर जोडलेली असावी. जमातीच्या नावाचा संबंध डोंगरवाचक अशा प्राचीन धातूशी लावणाऱ्या अभ्यासकांचे मत मला अधिक पटते, कारण ती माणसे डोंगराच्या कुशीतलीच होती.

‘तोरिनो’ हे खरे नाव आणि ‘ट्युरिन’ हा इंग्रजांनी केलेला अपभ्रंश, असे अनेकदा ठासून सांगितले जाते. ते वस्तुस्थितीला धरून नाही. या शहराची परंपरागत बोली इटालियनपेक्षा वेगळी आहे. ती पिएमोंतेसे होय, आणि तिच्यात शहराचे नाव ‘Turin’ याच अक्षरांनी लिहिले जाते. त्यातील ‘उ’ ओठ गोल करून ‘इ’ म्हणावे तसा उच्चारला जातो आणि शेवटचा ‘न’ नाकात विरतो. सव्हॉय घराण्याने 1563 मध्ये आपली राजधानी शाँबेरीहून येथे आणली. त्या दरबारात फ्रेंच भाषेचा मोठा वावर होता आणि फ्रेंचमध्येही शहराचे नाव असेच लिहितात. इटलीच्या एकीकरणाचा शिल्पकार काउंट काव्हूर याच शहरातला, पण तो इटालियनपेक्षा फ्रेंच अधिक सफाईने लिहीत असे. 1861 ते 1865 या काळात एकसंध इटलीची पहिली राजधानी असलेल्या शहरातच इटालियन ही बहुसंख्यांची घरची भाषा नव्हती, हे लक्षात घेतले की ‘मूळ इटालियन नाव’ या शब्दप्रयोगातील अडचण कळते. जर्मन, रशियन, स्पॅनिश, पोलिश आणि डच भाषांनी थोड्याफार फरकाने ‘तुरीन’च्या जवळचे रूप घेतले आहे, तर ग्रीक आणि हंगेरियन भाषांनी ‘तोरिनो’ स्वीकारले आहे.

2006 च्या हिवाळी ऑलिम्पिकच्या वेळी संयोजकांनी जगभर ‘तोरिनो’ हेच नाव पुढे केले. अमेरिकेतील एनबीसी वाहिनीने ते उचलले, तरी बरीच इंग्रजी वृत्तपत्रे जुन्याच रूपावर ठाम राहिली. शहराने आपले नाव मिरवावे यात गैर काहीच नाही, पण इतर भाषांनी आपली रूढ रूपे टाकून द्यावीत असे त्यातून सिद्ध होत नाही. इटालियन माणूस स्वतः पॅरिसला ‘पारीजी’, लंडनला ‘लोंद्रा’ आणि म्युनिकला चक्क ‘मोनाको’ म्हणतो.

येथे मुंबईचा दाखला हमखास दिला जातो. ‘बॉम्बे’ जाऊन ‘मुंबई’ आले, मग हा न्याय तोरिनोला का नाही, असे विचारले जाते. मुंबईत मराठी माणूस पिढ्यानपिढ्या ‘मुंबई’च म्हणत होता. कागदोपत्री लादलेले नाव 1995 मध्ये दूर झाले, एवढाच त्या बदलाचा अर्थ. तुरीनच्या बाबतीत परक्यांनी लादलेले असे काहीच नाही. दोन्ही नावे त्या प्रदेशाच्या भाषांतूनच आलेली आहेत, त्यामुळे हा दाखला येथे लागू पडत नाही.

या शहराशी मुंबईचा खरा संबंध वेगळाच आहे. ‘फियाट’ हे 1899 मध्ये स्थापन झालेल्या कंपनीच्या इटालियन नावाचे आद्याक्षररूप असून त्यातील शेवटचा ‘ट’ तोरिनोचा आहे. प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात फियाटच्या आराखड्यावर बनलेली पद्मिनी ऑक्टोबर 2023 पर्यंत मुंबईत टॅक्सी म्हणून धावत होती, आणि पद्मिनी हे नाव असूनही अनेक मुंबईकर तिला ‘फियाट’च म्हणत.

माझी सूचना अशी, की शहरासाठी ‘तुरीन’ हे एकच रूप आपल्या दैनिकाने ठरवून घ्यावे. इटालियन आणि पिएमोंतेसे या दोन्ही भाषांत ‘त’ दंत्य आहे. इंग्रजीला त आणि ट यांतील भेद लिहून दाखवता येत नाही, देवनागरीला येतो, म्हणून इंग्रजीच्या वाटेने आलेला ‘ट्यु’ आपण कवटाळून बसण्याचे कारण नाही. नावाचा आघात ‘रीन’ या शेवटच्या उच्चारखंडावर असल्याने आणि अकारान्त शब्दातील उपान्त्य इकार मराठीत दीर्घ लिहिण्याचा नियम असल्याने ‘जमीन’प्रमाणे ‘तुरीन’ हे दीर्घ रूपच योग्य ठरते. फुटबॉल संघाचे नाव हे विशेषनाम असल्यामुळे ते मात्र ‘तोरिनो’ असेच राहावे आणि वृत्तात ते पहिल्यांदा येईल तेथे ‘तुरीन शहरातीलच’ एवढे दोन शब्द जोडावेत. एटीपी फायनल्समुळे हे शहर टेनिसच्या वृत्तांतही सतत येते. रोहन बोपण्णा तेथे दुहेरीत खेळला तेव्हा मराठी वाचकांनीही त्या बातम्या आवर्जून वाचल्या. तेव्हा हा नियम केवळ फुटबॉलच्या वृत्तांपुरता न ठेवता क्रीडा, परदेश आणि पुरवणी या तिन्ही विभागांच्या उपसंपादकांना कळवावा, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, नाशिक