दहा ते सातच्या कलमाबद्दल

सोलापूर

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

सॉफ्टवेअरच्या कामासाठी कंपनीने तुला दिलेल्या कराराचा, तू पाठवलेला मसुदा नीट वाचला. वर ठळक अक्षरात 'स्वतंत्र सल्लागार' आणि खाली सातव्या कलमात 'सोमवार ते शुक्रवार सकाळी 10 ते संध्याकाळी 7 काम, रोज लॉग-इन, रजेसाठी मॅनेजरची पूर्वपरवानगी'. बाबा म्हणाले, पैसे बरे आहेत, करू दे सही. मी म्हटलं, जरा थांबा. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्याचे हिशेब बघण्यात माझी नोकरी गेली. मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, कोण आणि मस्टरबाहेर कोण, यावरची भांडणं मी जवळून पाहिली आहेत. त्यात कागदावर माणसाला काय म्हटलंय याला फार कोणी विचारत नाही. काम कसं चालतं ते बघतात.

तू फोनवर म्हणालीस, वेळ लिहिली की मी नोकरदार होते का? तसं नाही गं. आणि वेळ मोकळी ठेवली की आपोआप स्वतंत्र, असंही नाही. समोरच्या अक्का आठवतात ना? घरीच बिड्या वळायच्या. पहाटे चारला सूप मांडीवर घेतलं तरी विचारणारं कोणी नाही, दुपारी कुणाच्या लग्नाला गेल्या तरी नाही. पण पान-तंबाखू कारखान्याची, माल द्यायचा कारखान्याच्या ब्रँचवर, छाट काढणारा, म्हणजे खराब बिड्या बाजूला टाकणारा, माणूस कारखान्याचा आणि हजार बिड्यांमागचा दरही त्यांनीच ठरवलेला. 1966 च्या बिडी-सिगार कामगार कायद्याने घरी वळणाऱ्या बायकांनाही कामगारच धरलं. सोलापुरात हे शिकायला वकील लागत नाही.

कोर्टानेही हेच पाहिलंय. 1956 साली ध्रांगध्रा केमिकल वर्क्सच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने मिठागरात मीठ पिकवणाऱ्या अगरियांना कामगार ठरवलं. त्यांना ना ठरलेली वेळ होती, ना मस्टर. मदतीला माणसंसुद्धा ते स्वतः लावायचे. तरी मीठ पिकवण्याच्या टप्प्याटप्प्यावर कंपनीची देखरेख होती. पुढे 1973 मध्ये सिल्व्हर ज्युबिली टेलरिंग हाऊसचा निकाल आला. तिथले शिंपी नगावर शिवायचे, यायची-जायची वेळ त्यांची. पण मशीन दुकानाचं, आणि शिवण पसंत नसली तर पुन्हा शिवायला लावायचा हक्क दुकानाचा. तेही कामगारच ठरले.

म्हणून त्या कलमात मला 'दहा ते सात'पेक्षा 'पूर्वपरवानगी' जास्त खुपली. उद्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेला चार दिवस यायचं म्हटलंस तर तू मॅनेजरला अर्ज करणार? कळवणं वेगळं आणि परवानगी मागणं वेगळं. रोजचं लॉग-इनही तसलंच, ते मस्टरच आहे, फक्त स्क्रीनवरचं.

आणि तासांचा साधा हिशेब कर. रोजचे नऊ, महिन्याचे बावीस दिवस, म्हणजे जवळजवळ दोनशे तास. करारात 'दुसऱ्या ग्राहकांचं काम करण्यास मुभा' असं छापलंय खरं, पण ते करणार कधी? रात्री अकराला? ज्याच्याकडे एकच गिऱ्हाईक आणि दिवसही त्याचाच, त्याने स्वतःला धंदेवाला म्हणवून घेण्यात काय अर्थ आहे.

यात तुझं जातं काय, तेही सांगते. नोकरीत कंपनी पीएफचे 12 टक्के भरते, ग्रॅच्युइटी साठते, पगारी रजा मिळते. तुला यातलं काही नाही. विमा तुझा, लॅपटॉप तुझा, व्यवसाय कराचे वर्षाचे 2,500 तुझे. त्याच्या बदल्यात एकच गोष्ट तुझ्या हातात येते, स्वतःचा दिवस. तीही देऊन टाकलीस तर उरलं काय? कराचं म्हणशील तर तुझ्यासारख्या सॉफ्टवेअरवाल्यांना वर्षाच्या 50 लाखांपर्यंतच्या जमेवर निम्मी रक्कम उत्पन्न धरून कर भरायची सोय आहे. रोखीचा व्यवहार पाच टक्क्यांच्या आत असेल तर मर्यादा 75 लाखांची. पण ही सोय व्यवसायाच्या जमेला, पगाराला नाही. तेव्हा तुझे पैसे बिलावरच यायला हवेत, 'मासिक वेतन' हे शब्द त्या मसुद्यातून आधी काढायला लाव.

आता बोलायचं कसं. कायदा घेऊन जाऊ नकोस. पीएफचं नाव काढलंस की ते त्यांच्या वकिलाकडे जातील आणि मसुदा आणखी चार पानांनी वाढून येईल. आधी विचार, दहा ते सात तुम्हाला नेमकं कशासाठी हवंय? माझा अंदाज, तू अडल्या वेळी सापडणार नाहीस ही त्यांची भीती आहे. आधीचा कुणी तरी फोन बंद ठेवून बसला असेल, त्याची शिक्षा तुझ्या कलमात आली. तर त्या भीतीचं उत्तर दे, दिवस देऊ नकोस. म्हण, 'तुमच्या टीमला माझ्याशी बोलायला कुठले तास सोयीचे, ते सांगा. तेवढे मी राखून ठेवते. बाकी काम तारखेला मिळेल.' त्यांची सकाळची मीटिंग असेल तर खुशाल बस. चार जणांनी मिळून करायच्या कामात एका वेळी भेटावंच लागतं, त्याने कुणी नोकर होत नाही.

कलम मी असं लिहून बघितलं, भाषा तुझ्या वकिलाकडून सरळ करून घे:

'सल्लागार कामाच्या दिवशी 11 ते 2 या वेळेत चर्चेसाठी उपलब्ध राहील आणि लेखी निरोपाला चार तासांत उत्तर देईल. उर्वरित कामाची वेळ, जागा आणि पद्धत सल्लागार ठरवेल. महिन्याला 80 तासांपर्यंतचे काम ठरलेल्या शुल्कात. त्यावरचे काम लेखी संमतीने आणि वेगळ्या दराने. चार दिवसांहून अधिक अनुपलब्धता असल्यास सल्लागार आठ दिवस आधी कळवेल.'

80 चा आकडा पुढेमागे कर. शंभर म्हणाले तरी हरकत नाही, दर त्या हिशेबाने वाढव. पण वरची मर्यादा लिहिल्याशिवाय सोडू नकोस. 'किमान इतके तास' एवढंच लिहिलं तर ते नोकरीच्या अंगाने जातं, 'इथपर्यंत' लिहिलं तर ते तू विकलेला माल होतं. रात्री सिस्टीम बंद पडली तर धावून यायची अट घालतील, त्याला नाही म्हणू नकोस, वेगळा दर सांग. टाइमशीट मागितली तर दे, कुठल्या कामाला किती वेळ लागला हे बिलाला जोडावंच लागतं. दर दहा मिनिटांनी स्क्रीनचा फोटो काढणारं सॉफ्टवेअर मात्र तुझ्या लॅपटॉपवर घेऊ नकोस. हे मी रागाने लिहितेय, पण विचार करूनच लिहितेय.

कागद चांगला झाला तरी वागणं तसंच ठेवावं लागेल. तुझा स्वभाव मला माहीत आहे. पहिल्या महिन्यात सगळ्यांना खूश करायला सकाळी नऊला 'गुड मॉर्निंग' आणि रात्री साडेआठला 'आता निघू का?' असं विचारशील. विचारू नकोस. 'उद्या नाही, परवा देते' असं सांग. त्यांच्या कंपनीचा ईमेल आयडी घेतलास तर खाली 'सल्लागार' लिही, त्यांचं पद नको. जुन्या गिऱ्हाइकाचं छोटं का होईना, एक काम चालू ठेव.

आणि ते हटून बसले, दहा ते सातच हवं म्हणाले, तर चिडू नकोस. त्यांना खरंच पूर्ण वेळ माणूस हवा असेल, त्यात गैर काही नाही. मग हसून म्हण, 'तर मला नेमणूकपत्रच द्या.' पीएफ, रजा, सगळं मांडून आकडा किती होतो ते त्यांनाच काढू दे. बहुतेक कंपन्या त्या आकड्यापाशी आल्या की 11 ते 2 त्यांना एकदम पुरेसं वाटू लागतं. नेमणूकपत्र खरोखर दिलंच तर मात्र घ्यायचं की नाही याचा विचार शांतपणे कर. नोकरीला मी वाईट म्हणत नाही, माझं घर तिच्यावरच चाललं.

उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, अजून केली नसशील तर या आठवड्यात कर. मोफत आहे, आधार आणि पॅनवर होते. मग लहान उद्योगाचे पैसे 45 दिवसांच्या आत द्यायचं बंधन काम घेणाऱ्यावर येतं, उशीर झाला तर व्याजासकट. करारातलं 'बिल मिळाल्यापासून 90 दिवस' त्यापुढे टिकणार नाही, तेही बदलून माग.

त्यांचं उत्तर आलं की दुरुस्त मसुदा आधी मला पाठव. आणि बाबांना फोन कर, सहीचं काय झालं म्हणून रोज मलाच विचारतात.

तुझी
आई