फादर सांतापाव आणि कळलावीची फांदी

बडोदे, श्रावण

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

मुलांना घेऊन पावागढला वनस्पती गोळा करायला निघालास, फार बरं वाटलं. जाण्याआधी त्यांना फादर हर्मेनेगिल्ड सांतापाव यांच्याबद्दल जरूर सांग. १९०३ साली स्पेनमधल्या ला गालेरा गावात जन्मलेला हा जेझुइट (एका कॅथलिक संघाचा धर्मगुरू) १९२८ मध्ये भारतात आला आणि इथलाच झाला, नागरिकत्वासकट. मुंबईच्या सेंट झेवियर्समध्ये त्यांनी वनस्पतिशास्त्र शिकवलं. खंडाळ्याच्या वनस्पतींवरचा त्यांचा ग्रंथ १९५३चा. पुढे १९६१ ते ६७ भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे संचालक, मग पद्मश्री. पण मुलांना पदांपेक्षा त्यांचं काम कळू दे. एखादी वनस्पती अमुक ठिकाणी वाढते, असं म्हणायचं तर तिथला वाळवलेला नमुना हाती हवा. वर्गीकरणाचं शास्त्र त्यावरच उभं आहे.

आता कळलावीच्या वेलीचंच घे. पानाचं टोक वेलीच्या तणाव्यासारखं वळून शेजारच्या झुडपाला धरतं. ते तोडू नका, ओळख तिथेच आहे. पाकळ्या आधी हिरवट-पिवळ्या, मग लाल होतात, आणि वाळल्यावर रंग पार उतरतो. म्हणून रंग, उंची, जागा, तारीख आणि नमुन्याचा क्रमांक तिथल्या तिथे लिहायचा, तोही पेन्सिलीने. पावसात शाई पसरते. घरी येऊन आठवून लिहिलेली चिठ्ठी नसल्यासारखीच. कंद विषारी आहे, उकरू नका. फुलाची फांदी पुरे. इतर लहान रोपटी मात्र मुळासकट घ्या.

फांदी वर्तमानपत्राच्या घडीत ठेवा, एक पान उलटं करून, म्हणजे खालची बाजूही दिसेल. लांब असेल तर इंग्रजी व्हीसारखी दुमडा. शेवटी नमुना चिकटवायचा कागद साधारण ४२ बाय २८ सेंटिमीटरचाच असतो. वरखाली टीपकागद घालून प्रेसचे, म्हणजे नमुने दाबायच्या चौकटीचे, पट्टे घट्ट आवळा. श्रावणात नमुने बिघडतात ते दमटपणाने: पहिले तीन-चार दिवस कागद रोज बदलले नाहीत तर पानं काळी पडतात, बुरशी धरते. मांसल पानांच्या वनस्पती दाबूनही वाढत राहतात, पानं गाळतात. त्या आधी उकळत्या पाण्यातून क्षणभर काढा. कीड लागू नये म्हणून पूर्वी पारायुक्त विष लावत. मुलांच्या हाती ते नकोच. वाळलेला नमुना प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून काही दिवस डीप फ्रीजरमध्ये ठेवा.

प्रत्येक झाडाच्या दोन फांद्या घ्या, क्रमांक एकच. दुसरी विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात दाखव. तिथल्या हर्बेरियमशी, म्हणजे वाळवलेल्या नमुन्यांच्या संग्रहाशी, ताडून नाव पक्कं करता येईल.

तुझा,
विनायक