क्लच प्लेटा बदलण्याआधी त्यांची जाडी मोजा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पाऊस ओसरला की पुण्यातल्या गॅरेजांपुढे दुचाकींची रांग लागते आणि त्या रांगेत एक निदान हमखास कानावर येते : ‘क्लच प्लेटा गेल्यात, नवीन टाकाव्या लागतील.’ पुष्कळदा ते खरेही असते. आमची तक्रार एवढीच आहे, की क्लचचे कव्हर उघडण्याआधीच, गल्लीत एक चक्कर मारून, हे ठरवले जाते. क्लच प्लेट, म्हणजे स्प्रिंगांच्या दाबाने शेजारच्या प्लेटला धरून इंजिनाचा जोर गिअरबॉक्सकडे नेणारी चकती, ही मोजता येणारी वस्तू आहे. तिची नवी जाडी किती, बाद जाडी किती हे कंपनीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये छापलेले असते आणि मोजायला एक व्हर्निअर पुरतो. तरीही बिलावर ‘क्लच सेट’ एवढेच दोन शब्द असतात. या पत्राद्वारे गॅरेजवाल्यांना आणि गाडीमालकांना आमची विनंती आहे, की प्लेटा बदलल्या तर जुन्या प्लेटची मोजलेली जाडी बिलावर लिहावी, लिहून घ्यावी आणि जुन्या प्लेटा मालकाच्या हातात द्याव्यात.

पण त्याच्या आधीचे काम जास्त महत्त्वाचे आहे. ‘गाडी ओढत नाही’ ही तक्रार क्लचचीच असते असे नाही. कात्रजच्या चढावर अ‍ॅक्सिलरेटर पिळल्यावर इंजिनाचा आवाज चढतो पण वेग वाढत नाही, तर क्लच घसरतो आहे. आवाजच चढत नसेल, इंजिन दबल्यासारखे वाटत असेल, तर क्लचला हात लावू नका. एअर फिल्टर तुंबलेला असेल, नाहीतर मागचा ब्रेक धरून राहिला असेल. गाडी मेन स्टँडवर घ्या, न्यूट्रल करा आणि मागचे चाक हाताने फिरवा. पावसाळ्यानंतर ड्रम ब्रेकचा, शू पसरवणारा कॅम गंजून ब्रेक शू परत येत नाहीत, चाक जड फिरते, आणि दोष येतो क्लचवर. हे तपासायला एक मिनिट लागते.

क्लच घसरतो की नाही याची खरी परीक्षा वरच्या गिअरमध्ये होते. मोकळ्या रस्त्यावर चौथ्या किंवा पाचव्या गिअरमध्ये ताशी ४० किलोमीटरला गाडी स्थिर करा आणि अ‍ॅक्सिलरेटर एकदम पूर्ण द्या. चांगल्या क्लचची गाडी कुरकुरत, सावकाश वेग घेते. घसरणाऱ्या क्लचचे इंजिन मात्र एकदम ओरडते. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये गाडी चटकन पुढे पळते म्हणून हे झाकून जाते. शहरात रोज ३० च्या वेगाने फिरणाऱ्याला दोष कळत नाही तो यामुळेच, आणि मग एके दिवशी दिवे घाटात डबलसीट असताना तो कळतो. ज्या गाड्या फक्त न्यूट्रलमध्येच किकने सुरू होतात, त्यांत किकचा जोर क्लचमधूनच इंजिनापर्यंत जातो, त्यामुळे क्लच फार गेला असेल तर किकसुद्धा पोकळ बसते.

यानंतर लिव्हर. क्लच लिव्हरच्या टोकाला, म्हणजे गोळीपाशी, बहुतेक गाड्यांत १० ते २० मिलिमीटर मोकळी चाल हवी. काही कंपन्या हेच माप लिव्हरच्या मुळाशी २ ते ३ मिलिमीटर असे देतात. ही ढिल शून्य झाली, तर हात सोडल्यावरही केबल क्लचला किंचित दाबून ठेवते. स्प्रिंगांचा काही जोर तिकडे खर्च होतो आणि धडधाकट प्लेटासुद्धा घसरू लागतात, तापतात, जळतात. कितीतरी क्लच सेट असे निव्वळ ढिल नसल्यामुळे गेलेले असतात, आणि नवे टाकताना ढिल पुन्हा तशीच ठेवली तर तेही जातात.

ढिल कोणत्या दिशेने बदलते याकडे फारसे कोणी पाहत नाही. प्लेटा झिजल्या की त्यांचा गठ्ठा पातळ होतो, गठ्ठा दाबून धरणारी प्रेशर प्लेट सरकते आणि लिव्हरची ढिल आपोआप कमी होत जाते. केबल ताणली किंवा तिच्या तारा तुटू लागल्या, की ढिल वाढत जाते. म्हणजे दर दोन-तीन आठवड्यांनी केबलचा अ‍ॅडजस्टर ढिला करावा लागत असेल तर प्लेटा संपत आल्या, आणि सारखा ताणून घ्यावा लागत असेल तर केबल संपत आली. हँडल डावी-उजवीकडे पूर्ण वळवूनही चाल पाहा. वळवल्यावर ती बदलत असेल, तर केबलची वाट चुकली आहे किंवा ती कुठेतरी दबते आहे. बारीक फरक लिव्हरपाशी काढावा, मोठा असेल तर इंजिनाकडच्या अ‍ॅडजस्टरवर. लिव्हरचा अ‍ॅडजस्टर निम्म्याहून जास्त बाहेर आलेला ठेवू नये, त्याचे आटे जातात.

ऑइलबद्दल जरा सविस्तर लिहायला हवे. आपल्याकडच्या बहुतेक मोटारसायकलींचा क्लच इंजिन ऑइलमध्येच बुडून चालतो. म्हणजे जे ऑइल पिस्टन-बेअरिंगला निसरडे ठेवते, त्याच ऑइलात प्लेटांनी एकमेकींना घट्ट धरायचे असते. यासाठी डब्याच्या मागे छोट्या चौकटीत ‘जासो’ या जपानी मानकाचा शेरा असतो. एमए किंवा एमए-२ लिहिले असेल, तर ते ऑइल अशा ओल्या क्लचसाठी आहे. एमबी हे कमी घर्षणाचे ऑइल गिअरलेस स्कूटरसाठी असते, कारण स्कूटरचा क्लच कोरडा असतो आणि ऑइलपासून वेगळा असतो. गॅरेजात एकाच मोठ्या डब्यातून सगळ्यांना ऑइल ओतले जाते तिथे हा घोटाळा होतो. मोटारीचे, इंधन वाचवणारे म्हणून विकले जाणारे ऑइल तर मोटारसायकलीत मुळीच घालू नये. त्यातल्या घर्षण कमी करणाऱ्या रसायनांनी नव्या प्लेटाही घसरतात. ऑइलात मिसळायच्या बाटल्यांचेही तेच. दाटपणा गाडीच्या पुस्तिकेत दिला असेल तोच : १०० सीसीच्या बऱ्याच गाड्यांना १०डब्ल्यू-३०, काहींना २०डब्ल्यू-५०. नुकतेच ऑइल बदलल्यावर क्लच घसरू लागला असेल, तर आधी योग्य ऑइल घालून शे-दोनशे किलोमीटर चालवून पाहा, प्लेटांचे नंतर बघू. दोन अपवाद सांगून ठेवतो. जुन्या कास्ट आयर्न बुलेटचा क्लच प्रायमरी चेनकेसच्या वेगळ्या ऑइलात असतो आणि आरएक्स १०० सारख्या टू-स्ट्रोक गाडीचा गिअर ऑइलात. तिथे इंजिनाचे ऑइल बदलून क्लचला काहीच फरक पडणार नाही.

ढिल बरोबर, ऑइल बरोबर, केबल गुळगुळीत, आणि तरीही क्लच घसरतो, तेव्हा कव्हर उघडावे. ऑइल आधी काढून टाकावे. गाडी साइड स्टँडवर कलती ठेवून ऑइल न काढताही काम होते, पण प्लेटांचा जळका चुरा त्याच ऑइलात असतो, तो ठेवून काय उपयोग? स्प्रिंगांचे बोल्ट एकदम न काढता समोरासमोरचे थोडे थोडे ढिले करावेत. प्लेटा ज्या क्रमाने, ज्या बाजूने निघतात तशाच ओळीत मांडाव्यात, फोटो काढून ठेवावा. काही गाड्यांत सर्वांत बाहेरच्या प्लेटचे कान हाउसिंगच्या (प्लेटा ज्यात बसतात त्या भांड्याच्या) वेगळ्या खाचेत बसतात, काहींत आतल्या बाजूला एक अरुंद प्लेट आणि पातळ स्प्रिंग रिंग असते. हे चुकले की क्लच धक्के देतो आणि मग दोष नव्या मालावर जातो.

आता मोजमाप. अस्तर असलेली फ्रिक्शन प्लेट १०० ते १५० सीसीच्या बऱ्याच गाड्यांत नवी असताना साधारण ३ मिलिमीटर असते आणि २.६ च्या आसपास बाद धरतात. नेमका आकडा त्या मॉडेलच्या मॅन्युअलमधूनच घ्यावा. प्रत्येक प्लेट तीन-चार ठिकाणी मोजावी. एका प्लेटमागे ०.३ मिलिमीटर झीज किरकोळ वाटते, पण पाच प्लेटांची मिळून ती दीड मिलिमीटर होते. तेवढ्या स्प्रिंगा सैल पडतात आणि पकड जाते. दोन फ्रिक्शन प्लेटांमधली पोलादी प्लेट जाड काचेवर सपाट ठेवून कडेने फीलर गेज (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांचे माप) घालावा. ०.२ मिलिमीटरची पट्टी आत सरकली तर ती वाकडी झाली आहे. काही कंपन्या ०.१ चीच मर्यादा देतात. पोलादावर निळे-जांभळे डाग म्हणजे ती तापून गेली आहे, मापात बसली तरी टाकून द्यावी. फ्रिक्शन प्लेट मापात आहे पण आरशासारखी चकाकते आणि जळका वास येतो, तर तीही गेली. स्प्रिंगांची मोकळी लांबी मोजावी आणि एक जरी आखूड झाली असेल तरी पूर्ण जोडच बदलावा. सुटे भाग घेताना एक सावधगिरी : नाना पेठेतल्या दुकानात पोलादी प्लेटलाही सर्रास ‘प्रेशर प्लेट’ म्हणतात, त्यामुळे जुनी प्लेट सोबत न्यावी, नाहीतर हेलपाटा पडतो.

स्प्रिंगांखाली वॉशर टाकून क्लच ‘कडक’ करून देण्याची पद्धत अजून चालते. कृपा करून ती बंद करा. त्याने झिजलेल्या प्लेटा चार दिवस पकडतात, पण लिव्हर जड होते, केबलवर आणि ढकलणाऱ्या बेअरिंगवर ताण येतो, आणि स्प्रिंगेचे वेढे एकमेकांना टेकले तर लिव्हर पूर्ण दाबूनही प्लेटा सुटत नाहीत. सिग्नलला गिअरमध्ये उभी असलेली गाडी पुढे सरकली, तर पुढे चालणारा माणूस असतो.

क्लच न सुटणे हा घसरण्याच्या उलट दोष, आणि त्याचे निदान तर आणखी चुकते. पहिला गिअर टाकताना मोठा ‘खट्ट’ आवाज, नळस्टॉपच्या सिग्नलला उभे असताना न्यूट्रल न सापडणे, लिव्हर दाबूनही गाडी ओढणे, ही त्याची लक्षणे. लोक गिअरबॉक्सला दोष देतात. कारण बहुधा ढिल जास्त असणे, नाहीतर पोलादी प्लेट वाकडी असणे. तिसरे कारण हाउसिंग. फ्रिक्शन प्लेटचे कान हाउसिंगच्या अ‍ॅल्युमिनियमच्या बोटांवर आपटून आपटून त्यात खाचा पाडतात आणि प्लेटा त्या खाचांत अडकतात. नव्या प्लेटा टाकून हा दोष जात नाही. खाच अर्ध्या मिलिमीटरच्या आत असेल तर बारीक कानस मारून सपाट करता येते, त्याहून खोल असेल तर आमच्या मते हाउसिंग बदलणेच बरे. सकाळी थंड इंजिनावर पहिल्या गिअरला होणारा एक खटका मात्र दोष नव्हे. रात्रभर प्लेटा ऑइलाने चिकटलेल्या असतात. गाडी सुरू करण्याआधी गिअरमध्ये टाकून, लिव्हर दाबून, दोनदा मागेपुढे हलवली की त्या सुटतात.

बसवताना घाई नको. नव्या फ्रिक्शन प्लेटा त्याच इंजिन ऑइलात किमान दोन तास, जमल्यास रात्रभर, बुडवून ठेवाव्यात. कोरड्या बसवल्या तर पहिल्याच चढावर अस्तर जळते. पोलादी प्लेटची एक कडा धारदार आणि एक गोलसर असते. सर्वांची धार एकाच बाजूला ठेवावी. स्प्रिंगांचे बोल्ट बहुधा ६ मिलिमीटरचे असतात. ते तिरपे-समोर असे दोन-तीन फेऱ्यांत, साधारण १० न्यूटन मीटरला आवळावेत, म्हणजे छोट्या पान्याने मनगटाच्या जोरावर. लांब पाना लावला की, बोल्ट ज्यात जातात त्या हबचे आटे जातात आणि खर्च कितीतरी पटींनी वाढतो. कव्हरचे पॅकिंग नवेच घालावे. हिरो आणि होंडाच्या अनेक गाड्यांत त्याच कव्हरच्या आत फिरता ऑइल फिल्टर आणि जाळी असते. कव्हर उघडलेच आहे तर ती घाण काढल्याशिवाय बंद करू नये.

चालवण्याबद्दल थोडेच. लिव्हरवर बोटे टेकवून गाडी चालवू नये, खड्ड्यांत नकळत क्लच दबतो. चांदणी चौकाच्या चढावर कोंडी झाली तर गाडी हाफ क्लचवर तोलून न धरता मागच्या ब्रेकवर धरावी. सिग्नलला बराच वेळ थांबायचे असेल तर न्यूट्रल करावे.

नवा सेट बसवल्यावर पहिले ३०० किलोमीटर पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर देऊन गाडी काढू नये आणि त्यानंतर ढिल पुन्हा तपासून घ्यावी. प्लेटा बसल्यावर ती थोडी कमी झालेली असते. हे तपासायला परत या, असे गॅरेजवाल्याने बिलावर जाडीच्या आकड्याखालीच लिहून द्यावे.

कळावे.

आपले,
दुचाकी दुरुस्तीच्या कामातले काही कारागीर,
पुणे