मावशीच्या नव्या फोनविषयी

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

मावशीसाठी नवा फोन मागवल्याचे तू परवा सांगितलेस आणि "तिला शिकवायला तू आहेसच" असे म्हणून मोकळा झालास. शिकवीनच, पण त्याआधी, गेल्या सात महिन्यांत हा बिनबटणांचा फोन वापरताना माझे काय काय झाले ते तुला एकदा सविस्तर लिहावे असे वाटले, कारण बोलताना मी यांतले काहीच धडपणे सांगितलेले नाही. तू "जमतंय ना?" असे विचारायचास आणि मी "जमतंय" म्हणायचे. पहिले चार महिने ते जमत नव्हते.

फोन दिलास त्या संध्याकाळी तू शेजारी बसून सगळे दाखवले होतेस, हे खरे. खालून वर बोट सरकवले की मूळ पडदा, वर सरकवून क्षणभर थांबले की उघडी असलेली सगळी ॲप्स, आणि डाव्या किंवा उजव्या कडेवरून आत सरकवले की मागे. सांगायला तीनच गोष्टी. पण त्या दाखवताना फोन तुझ्या हातात होता. मी पाहिले ते तुझे बोट, आणि तुझ्या बोटाला ते करताना काय वाटते हे पाहून कसे कळावे? दुसऱ्या दिवशी तू गेल्यावर मी फोन उघडला, तर त्या काचेवर तू दाखवलेल्यापैकी कशाचीही खूण नव्हती. तळाशी एक बारीक आडवी रेघ तेवढी होती, आणि ती शोभेची असावी असा माझा समज झाला.

जुन्या फोनवर खाली एक बटण होते. ते कशासाठी आहे हे विसरले तरी ते आहे हे विसरता येत नसे, आणि काही सुचेना झाले की माणूस ते दाबून पाहत असे. बोट सरकवण्याच्या खुणेचे तसे नाही. जो ती जाणतो त्याच्यापुरतीच ती असते. डॉन नॉर्मन आणि जेकब नील्सन हे वापरसुलभतेचे दोन नामांकित अभ्यासक. त्यांनी २०१० मध्येच लिहिले होते की बोटांच्या अशा खुणांवर चालणारी ही उपकरणे वापरसोयीच्या दृष्टीने एक पाऊल मागे गेली आहेत, कारण काय करता येते हे पडद्यावर दिसतच नाही. हे तुझ्या बाबांनी मला वाचून दाखवले तेव्हा, खरे सांगते, मला फार बरे वाटले. तोवर मी दोष माझ्या वयाला देत होते.

तू जाणतोस की माझे सारे आयुष्य कळा दाबण्यात गेले. टंकलेखन यंत्रावर बोटांना डोळ्यांची गरज नसते. कळ किती खोल जाते, कुठे अडते आणि कुठून परत उसळते हे बोट आपले आपण जाणते, आणि ओळ संपत आली की यंत्र घंटी वाजवून सांगते. पुढे संगणक आला तेव्हाही एफ आणि जे या दोन कळांवर बारीक उंचवटे होते, आणि बटणांच्या फोनवर पाचच्या आकड्यावर किंवा त्याच्या शेजारी तसाच उंचवटा असे. ते बहुतेकांच्या नजरेस कधी पडले नसतील, पण माझा हात त्यांच्यावर विसंबून होता. या काचेवर मात्र सगळीकडे सारखेच गुळगुळीत. बोटाला ठाव लागत नाही.

त्यातून एक चूक अशी घडली की ती समजायला मला दोन महिने लागले. एखादी कळ उमटली नाही तर अधिक जोराने दाबायची, ही माझी चाळीस वर्षांची सवय. फोनवर चिन्ह उघडले नाही की मी बोट जोराने दाबून धरायचे, आणि मग ते चिन्ह उघडण्याऐवजी बोटाला चिकटल्यासारखे सरकू लागायचे, किंवा त्याच्यातून एक छोटी यादी बाहेर यायची. असे करता करता मी संदेशांचे ॲप तिसऱ्या पानावर नेऊन ठेवले आणि आठवडाभर ते नाहीसे झाले असे समजून होते. पुढे कळले की ही काच जोर मोजतच नाही. तिच्या आत विजेच्या अतिशय बारीक तारांची जाळी असते, बोट टेकले की तिथल्या विद्युतभारात किंचित फरक पडतो आणि फोन तो फरक टिपतो. म्हणूनच साध्या हातमोज्याने काम होत नाही, ओल्या बोटाने गोंधळ होतो आणि कोरड्या पडलेल्या बोटाची दखल कधी घेतली जाते, कधी नाही. आमच्या वयात त्वचा कोरडीच असते. जोर लावून काही साधत नाही. उलट बोट जरा जास्त वेळ टेकले की फोन त्याचा अर्थ "धरून ठेवले" असा घेतो आणि वेगळेच काम करतो. हे मला पहिल्याच दिवशी कोणी सांगितले असते तर माझे निम्मे कष्ट वाचले असते. सेटिंग्जमध्ये सुलभतेच्या भागात हा धरून ठेवण्याचा काळ वाढवता येतो. मी तो सर्वांत जास्त करून घेतला आहे आणि मावशीच्या फोनवरही तू तो आधीच करून ठेव.

दुसरा घोटाळा कडेच्या खुणेचा. एका अर्जाची चार पाने भरून झाली होती. पाचव्या पानावर जाण्यासाठी, पुस्तकाचे पान उलटावे तसे, मी उजवीकडून डावीकडे बोट ओढले. ते नेमके कडेवरून निघाले, फोनने त्याचा अर्थ "मागे" असा घेतला आणि भरलेले सगळे पुसले गेले. छायाचित्रे पाहतानाही तेच होत असे. पुढचे छायाचित्र हवे म्हणून बोट ओढावे, तर सगळा संग्रहच बंद. खूण एकच, पण ती बोटभर आतून निघाली तर एक अर्थ आणि कडेवरून निघाली तर दुसरा, आणि या दोहोंमधली सीमा कुठेही आखलेली नाही. त्या रात्री मी चिडून सेटिंग्ज उघडली आणि अर्धा तास शोधून तीन बटणांची जुनी पट्टी परत आणली. अँड्रॉइडच्या बऱ्याच फोनांत ती सोय अजून आहे. तुला सांगितले नाही, कारण तू म्हणाला असतास, "आई, तू मागे गेलीस." हो, आणि तेही एकदाच, बटण दाबून!

ही बटणे का काढली, याबद्दलही मी उगाच राग धरून होते. कारणे तशी समजण्यासारखी आहेत. बटणाची जागा वाचली की तेवढ्याच आकाराच्या फोनवर पडदा कडेपर्यंत नेता येतो, शिवाय हलणारा भाग कमी झाला की झिजणारी आणि पाणी व धूळ शिरण्याची जागाही कमी होते. नोकियाने २०११ मध्ये एन९ हा फोन समोर एकही बटण न ठेवता काढला होता. ॲपलने २०१७ च्या आयफोन एक्समध्ये मूळ पडद्याचे बटण काढून टाकले, आणि २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून आज माझ्या हातात आहे तशी कडेवरून मागे जाण्याची रीत आली. यांतली मला सर्वांत गमतीची वाटलेली गोष्ट मात्र मधलीच आहे. २०१६ च्या आयफोन ७ मध्ये बटण दिसत होते, पण ते दाबले जात नव्हते. आतली एक लहानशी यंत्रणा बोटाला असा हिसका देई की बटण खाली गेल्याचा भास व्हावा, आणि फोन बंद असेल तर ती जागा दगडासारखी निर्जीव. म्हणजे बटण जाण्याआधी एक वर्ष त्याचे सोंग शिल्लक ठेवले होते. ते पाहून मला वाटले की हे फोन बनवणारेही बोटांच्या सवयीला थोडे वचकून असतात.

सुमारे चार महिन्यांनी मी ती तीन बटणांची पट्टी काढून टाकली आणि पुन्हा बोटाच्या खुणांकडे वळले, आणि हे मी आपल्या मर्जीने केले. झाले असे की तू दिलेल्या कव्हरची कड काचेपेक्षा वर आलेली होती. एकदा पुसण्यासाठी कव्हर काढले असताना सहज करून पाहिले, तर खालून वर जाण्याची खूण पहिल्याच वेळी उमटली. तोवर कव्हरची कड माझ्या बोटाला अडवत होती आणि बोट काचेवर टेकेपर्यंत तळाची जागा ओलांडून पुढे गेलेले असे. तेव्हा मर्म ध्यानात आले: बोट काचेवर ठेवून सुरुवात करायची नाही, काचेच्या बाहेरून, फोनच्या अंगावरून आत यायचे. उंबरठा ओलांडून घरात यावे तसे. मग मी रोज सकाळी दहा मिनिटे नुसते हेच केले, कुठलेही काम नसताना. कडेवरच्या बोटाला फोनने किती चटकन ओळखावे तेही कमीजास्त करता येते. ते मी कमी केले, तेव्हापासून छायाचित्रे सुखाने पाहता येतात. थोडी कंपने चालू ठेवली आहेत. मागे जाताना बोटाखाली बारीकशी थरथर होते, आणि मला माझ्या यंत्राची घंटी आठवते.

अजून दोन गोष्टींशी माझे जमलेले नाही. फोन कुलूपबंद असताना कोणी फोन केला तर घेण्यासाठी बोट वर सरकवावे लागते, आणि मी फोनवर काही वाचत असताना आला तर वर एक पट्टी येते, तिच्यावरच्या बटणाला नुसते टेकावे लागते. एकच काम, दोन रीती, आणि वाजत असताना विचार करायला वेळ कुठला? तुझे दोन फोन कापले गेले ते रागाने नव्हे. दुसरी गोष्ट फोन बंद करण्याची. बाजूचे बटण दाबून धरले तर फोन बंद होण्याऐवजी एक आवाज विचारतो की तुम्हाला काय हवे आहे. पहिल्यांदा तसे झाले तेव्हा आतल्या खोलीतून तुझ्या बाबांनी "काही नको" असे उत्तर दिले होते.

तेव्हा मावशीसाठी माझे मागणे एवढेच. तिच्या फोनवर आरंभी तीन बटणांची पट्टीच लाव आणि ती कुठून बदलते हे मला सांगून ठेव. बदलायची वेळ आली की ती आपणहून विचारील. तिला उजव्या हाताने अजून नीट पकड येत नाही, म्हणून डाव्या हाताच्या अंगठ्याला काय पोहोचते ते आधी पाहा. आणि दाखवायला बसशील तेव्हा फोन तिच्या हातात राहू दे. ती चुकीच्या जागी बोट ठेवील, दोनदा नको ते उघडेल, तुझा हात शिवशिवेल. तो मागे घेऊन बस.

तुझी,
आई

ता. क. कव्हर घेताना कडा काचेच्या पातळीच्या खाली असतील असे पाहा, आणि माझ्यासाठीही तसलेच एक आण.